कपाला तडे कुठे जाणार, हे कुणालाच का सांगता येत नाही?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की ऐकताना आकडे निसटतात, लिहून द्या. म्हणून हा भाग इथे लिखित स्वरूपात, थोडा आवरून-सावरून. हेडफोन बाजूला ठेवा, चहा घ्या. आणि चहा चिनी मातीच्या कपात असेल तर फारच छान, कारण आज त्या कपाबद्दलच बोलायचंय.

विषय आहे क्रॅकल ग्लेझ. भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरात, म्हणजे ग्लेझमध्ये, केसाएवढ्या बारीक तड्यांची जाळी असते ना, ती. हातात घेतलं तर बोटाला लागत नाही, पण उजेडात तिरकं धरलं की दिसते. आजीच्या लोणच्याच्या बरणीवर तुम्ही ती शंभर वेळा पाहिली असेल.

हा विषय माझ्याकडे एका तक्रारीतून आला. माझी मावसबहीण मालवण तालुक्यात एक छोटा पॉटरी स्टुडिओ चालवते. एक चाक, एक इलेक्ट्रिक भट्टी आणि मागच्या पडवीत वाळत घातलेली भांडी. किनाऱ्यावरच्या एका होमस्टेसाठी तिने चाळीस मग बनवून दिले. मे महिन्यात दिले तेव्हा एकदम गुळगुळीत. जुलैत फोन आला, ‘ताई, अर्ध्याहून जास्त मगांना तडे गेलेत, पाहुणे नाक मुरडतायत, परत घ्या.’ आता गंमत बघा. त्याच ताईच्या शेल्फवर क्रॅकलची फुलदाणी आहे, ती पर्यटक मुद्दाम जास्त पैसे देऊन नेतात. म्हणजे एकाच गोष्टीला एकीकडे डिझाइन म्हणायचं आणि दुसरीकडे डिफेक्ट. ताईने मला सरळच विचारलं, ‘मेल्या, तू इंजिनियर मां? मगे सांग, ह्यां असां कशाक झालां?’

मी सॉफ्टवेअरवाला. माती माझा प्रांत नाही. पण ‘लोकल मशीनवर चालतं, प्रॉडक्शनवर पडतं’ हा प्रकार माझ्या रोजच्या ओळखीचा. म्हणून शोधायला बसलो.

आधी एकदम बेसिक: तडा जातोच का?

भांडं म्हणजे दोन थर. आत भाजलेली माती, वर काचेचा पातळ लेप. भट्टीत हजार-बाराशे अंशांना लेप वितळलेला असतो, मधासारखा. भट्टी थंड होऊ लागते. साधारण सहाशे अंशांच्या आसपास लेप घट्ट होतो आणि मातीला कायमचा चिकटतो. इथून पुढे दोघांना एकत्रच आकसायचंय. पण दोघांचा आकसण्याचा वेग वेगळा असतो.

हिशोब करून बघू. समजा माती दर अंशाला दहा लाखात ६ भाग आकसते आणि ग्लेझ ७ भाग. फरक फक्त एकाचा. सहाशे अंश थंड होईपर्यंत हा फरक होतो ०.०६ टक्के. दहा सेंटीमीटरच्या बशीवर ०.०६ मिलीमीटर, म्हणजे तुमच्या डोक्याच्या एका केसाची जाडी. एवढंच!

पण काच ताणाच्या बाबतीत फार नाजूक. तिला दाबा, ती सहन करते. ताणा, ती फुटते. या एका केसाएवढ्या फरकामुळे लेपात जो ताण तयार होतो, तो साध्या काचेला तडा जायला पुरेसा असतो. लहान झालेला शर्ट घालून वाकलात की शिवण उसवते, तसंच. ग्लेझचा शर्ट मातीच्या अंगाला लहान पडतो.

उलटही होतं. ग्लेझ मातीपेक्षा खूपच कमी आकसलं तर ते दाबलं जातं आणि कडेवरून त्याच्या टवक्या उडतात. त्याला शिव्हरिंग म्हणतात. ते जास्त धोकादायक, कारण काचेचा तुकडा थेट चहात पडू शकतो. म्हणून कारखान्यात ग्लेझ मातीपेक्षा किंचित कमी आकसेल असं ठेवतात. थोडासा दाब चांगला, जास्त नको.

मग फॉर्म्युला माहीत असताना अंदाज का चुकतो?

इथे दोन प्रश्न आहेत आणि आपण ते एकत्र करतो. पहिला, जाळी पडेल का आणि साधारण किती दाट? दुसरा, नेमकी कुठे?

पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. ग्लेझमध्ये सोडियम-पोटॅशियम जास्त असेल तर ते जास्त आकसतं, म्हणजे तडे नक्की. लेप जाड असेल तर तड्यांमधलं अंतर मोठं, चौकटी मोठ्या. पातळ असेल तर बारीक जाळी. आकसण्यातला फरक जास्त असेल तर जाळी दाट.

दुसऱ्याचं उत्तर मात्र कुणाकडेच नाही. का नाही, हे समजायला १९२१ सालात जाऊया. ए. ए. ग्रिफिथ नावाचा इंग्लंडमधला इंजिनिअर. तो विमानांच्या संशोधनात काम करायचा आणि काच का तुटते याच्या मागे लागला होता. त्याने दाखवलं की काचेची ताकद काचेवर कमी आणि तिच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांवर जास्त ठरते. ताण त्या ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तडा तिथूनच पळतो.

आता ग्लेझमध्ये असे किती ओरखडे असतील? एखादा बुडबुडा, न वितळलेला वाळूचा कण, ब्रशचा फटका, चाकावर बोटांनी पडलेली वळी. हजारो जागा. त्यातली सगळ्यात कमजोर जागा आधी फुटते. कुठली कमजोर, हे फुटल्यावरच कळतं. आणि पहिला तडा गेला की त्याच्या आजूबाजूचा ताण सुटतो, बाकीच्या जागांचा हिशोब बदलतो. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक तडा पुढच्या तड्याचे नियम बदलून जातो.

कोडच्या भाषेत सांगायचं तर इथे रँडम काहीच नाही. सगळं भौतिकशास्त्राच्या नियमांनीच चाललंय. पण इनपुटच इतकं बारीक आहे की आपल्याला ते वाचता येत नाही. ठरलेलं असणं आणि आधी सांगता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या भागातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

तडे वाचता येतात!

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. तडे कुठे जाणार हे आधी सांगता येत नाही, पण गेल्यावर ते कुठल्या क्रमाने गेले हे वाचता येतं.

जुना तडा आधीच आहे. नवा तडा त्याच्याजवळ येतो. जुन्या तड्याला लागून असलेल्या भागात आता एकाच दिशेने ताण उरलेला असतो, म्हणून नवा तडा वळतो आणि जुन्याला काटकोनात जाऊन भिडतो. इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा होतो. टीची वरची आडवी रेघ म्हणजे जुना तडा, खालचा दांडा म्हणजे नवा. पॅरिसमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ साली हेच मांडलं: मोठी चौकट आधी, मग तिचे दोन भाग, मग त्या भागांचे भाग. एकदम गिटच्या लॉगसारखं.

चीनमधल्या कारागिरांना हे डोळ्यांनी कळलेलं होतं. दक्षिण सोंग घराण्याच्या काळात, म्हणजे ११२७ ते १२७९, हांगझोऊच्या राजभट्टीत ग्वान नावाची भांडी बनत. त्यांवरची जाळी हेच त्यांचं सौंदर्य. त्याच परंपरेतल्या ग भांड्यांवर दोन रंगांची जाळी असते, काळी मोठी आणि पिवळसर बारीक. तिला ‘सोनेरी धागा, लोखंडी तार’ म्हणतात. दोन रंग कारण दोन वेळा. आधी गेलेले मोठे तडे गडद रंगले, नंतर गेलेले बारीक तडे फिके राहिले. कारागिराने नक्षी काढली नाही. नक्षीला वेळ दिला आणि तिला रंग दिला. मुंबईत कधी मोकळा वेळ मिळाला तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेली चिनी-जपानी भांडी आहेत. तिथे जाऊन ग्लेझकडे जवळून बघा.

आणि मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर अंधेरीचा गिल्बर्ट हिल. सुमारे साठ मीटर उंचीचा, काळ्या दगडाच्या उभ्या खांबांचा. तोही तापलेला पदार्थ थंड होताना आकसला आणि तडकला. तिथे तडे हळूहळू आत सरकत गेले आणि सांधे काटकोन सोडून वाय अक्षरासारखे होत गेले, म्हणून खांबांना पाच-सहा बाजू दिसतात. कपावर टी, डोंगरावर वाय. घराणं एकच.

पण मगांना जुलैतच का?

आता ताईच्या खऱ्या प्रश्नाकडे. भट्टीतून निघताना तडे गेले असते तर टिंग टिंग आवाज आला असता. हा आवाज आपण भागात ऐकवला होता, आठवतंय? ताज्या क्रॅकल भांड्यातून तो तासन्‌तास, कधी कधी कित्येक दिवस येत राहतो. पण हे मग मे महिन्यात गप्प होते. भट्टीची चूक असती तर दोन महिने वाट कशाला बघितली असती?

उत्तर आहे पाणी. आणि पाणी इथे दोन बाजूंनी हल्ला करतं.

पहिली बाजू मातीची. कमी तापमानाला भाजलेली माती सच्छिद्र राहते. हवेतला ओलावा आत शिरतो, मातीच्या कणांशी रासायनिक रीतीने जोडला जातो आणि माती फुगते. फुगणं अगदी थोडं, ०.०५ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. पण वरचा हिशोब आठवा, ०.०६ टक्क्यांनी काम तमाम होत होतं. अंग फुगलं, शर्ट तेवढाच. ग्लेझमधला सुरक्षित दाब संपतो, ताण सुरू होतो आणि तडा. याला उशिराचं क्रेझिंग म्हणतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत शुरेक्ट नावाच्या संशोधकाने वाफेच्या दाबाखाली भांडी ठेवून हे सिद्ध केलं. मातीचं हे फुगणं शतकानुशतकं हळूहळू चालूच राहतं. इतकं नियमित की २००९ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्यावरून जुन्या विटा-खापरांचं वय काढायची पद्धत सुचवली.

दुसरी बाजू काचेची. तड्याच्या टोकाशी काचेतले बंध ताणलेले असतात. पाण्याचा रेणू तिथे पोचला की तो ते बंध तोडायला मदत करतो. शेल्डन विडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये मोजून दाखवलं की हवेत दमटपणा जास्त असेल तर काचेतला तडा जास्त वेगाने सरकतो. म्हणजे कोरड्या हवेत जो ओरखडा वर्षभर झोपून राहिला असता, तो दमट हवेत जागा होतो.

आता आपला पत्ता बघा. सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. जुलैत पापड सादळतात, माचिस पेटत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्या हवेत ते मग रोज गरम चहा, मग थंड पाण्याची धार, मग पुन्हा ओलं शेल्फ असे फिरत होते. भट्टीची टेस्ट मेच्या हवेत पास झाली. खरी टेस्ट मृगात सुरू झाली.

म्हणून इंटरनेटवरची ग्लेझ रेसिपी जशीच्या तशी उचलली की कोकणात ती वेगळी वागू शकते. रेसिपी लिहिणाऱ्याने खोटं काही लिहिलेलं नसतं. त्याची माती वेगळी, त्याची हवा वेगळी.

मग करायचं काय?

एक, माती नीट भाजायची. जास्त तापमानाला भाजलेली स्टोनवेअर माती घट्ट होते, पाणी पीत नाही, फुगत नाही. पण आपली जांभ्याच्या प्रदेशातली लाल माती तेवढं तापमान सहन करत नाही, ती बसते, वितळते. कसालकडून मालवणात उतरताना कुंभारमाठ लागतं. गावाच्या नावातच कुंभार आहे. इथल्या मातीची मडकी, पणत्या छान होतात. मडक्याला पाझरायचंच असतं, म्हणून तर पाणी गार होतं. तीच माती ग्लेझच्या मगाला घेतली की भांडण सुरू.

दोन, सिलिका वाढवायची. हा मुद्दा डोक्याला झटका देणारा आहे. ग्लेझमध्ये सिलिका घातली की ती वितळून काच होते आणि ग्लेझ कमी आकसतं. तीच सिलिका मातीत घातली की ती न वितळता क्वार्ट्‌झचे स्फटिक म्हणून राहते आणि थंड होताना, विशेषतः ५७३ अंशांना, एकदम आकसते. त्यामुळे माती जास्त आकसते. म्हणजे पदार्थ एक, जागा दोन, परिणाम उलटे, आणि दोन्ही परिणाम तडे थांबवायला मदतच करतात. आणि ही सिलिका कुठे मिळते? कणकवली तालुक्यातलं कासार्डे सिलिका वाळूसाठी प्रसिद्ध आहे. भाताच्या तुसाची राख तर जवळजवळ सगळी सिलिकाच. बाहेरगावाहून पाकिटं मागवणाऱ्या ताईच्या स्टुडिओपासून एका तासावर हे सगळं आहे.

तीन, टेस्ट आपल्या हवेसारखी करायची. फ्रीजरमधून काढून उकळत्या पाण्यात, पुन्हा बर्फाच्या पाण्यात, असे काही फेरे. हे तापमानाचं. ओलाव्यासाठी कारखान्यांत ऑटोक्लेव्ह असतो, म्हणजे वाफेच्या दाबाची टाकी. घरगुती पातळीवर काही पॉटर नमुन्याचा तुकडा प्रेशर कुकरच्या वाफेत काही तास ठेवतात. मग त्यावर शाई चोळायची. तडा असेल तर शाई सांगून टाकते. अख्खी ऑर्डर भट्टीत घालायच्या आधी दोन तुकडे कुकरमध्ये, एवढं साधं.

ज्यांना हे रीतसर शिकायचंय त्यांच्यासाठी बेळगावजवळ खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघही याच कामासाठी ओळखला जातो. पुस्तक हवं असेल तर निर्मला पटवर्धन यांचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’. स्वतः मोठ्या सिरॅमिक कलाकार आणि ग्लेझ हा त्यांचा हातखंडा.

डिझाइन की डिफेक्ट?

माझं मत स्पष्ट सांगतो. तडे तेच, वस्तूचं काम काय यावर उत्तर ठरतं.

फुलदाणी, दिवा, भिंतीवरची थाळी असेल तर क्रॅकल हवंच. त्यात चहाचा किंवा शाईचा रंग भरा, मजा घ्या. पण खाण्यापिण्याचं भांडं आतून तडकलेलं नको. तड्यात चहा, तेल, हळद शिरते आणि घासून निघत नाही. आतली माती सच्छिद्र असेल तर ती ते पिते, कुजकट वास येतो. तडकलेलं भांडं तुलनेने कमकुवतही होतं, आणि उकळता चहा हातात असताना ते परवडणारं नाही. त्यात आपलं खाणं आंबट: सोलकढी, आगळ, कैरीचं लोणचं. जुन्या किंवा कुठून आली माहीत नसलेल्या रंगीत भांड्यांच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतात. त्यामुळे आजीची तडकलेली बरणी शोकेसमध्ये ठेवा, त्यात फुलं ठेवा. या वर्षीचं लोणचं काचेच्या बरणीत घाला. आजीला मी सांगितलं म्हणून सांगू नका.

ताईने सध्या असं ठरवलंय. मग आतून तडे न जाणाऱ्या ग्लेझचे, माती जास्त तापमानाला भाजलेली. क्रॅकल फक्त शोभेच्या वस्तूंवर, आणि सोबत एक छोटी चिठ्ठी: ही जाळी मुद्दाम आहे, वाढत जाईल, यात खाऊ-पिऊ नये. होमस्टेच्या मगांचे पैसे तिने परत केले. माझ्या मते त्या मालकाची तक्रारही बरोबर होती, त्याने मग मागवले होते, फुलदाण्या नव्हे. नवे नमुने आता पडवीत आहेत. कुकरच्या टेस्टमधून पास झालेत. एक अख्खा पावसाळा काढल्याशिवाय ती नवी ऑर्डर घेणार नाही म्हणते, आणि मला तिचं पटतं. महिन्याचा धंदा बुडतो हे खरं, पण चाळीस मग परत येण्यापेक्षा ते स्वस्त.

आता तुमच्यासाठी होमवर्क. घरातलं जाळी पडलेलं एखादं भांडं शोधा. फोनचा टॉर्च तिरका धरा, कॅमेरा मॅक्रोवर टाका, फोटो काढा. त्यात टीचे सांधे शोधा आणि सगळ्यात जुना तडा कुठला ते ठरवा. क्लू देतो: जो कुणालाच जाऊन भिडत नाही, पण ज्याला सगळे येऊन भिडतात, तो. फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काहींचा क्रम आपण मिळून लावू. तोपर्यंत, येवा!